संगणक घरात, चोर इगतपुरीत
(नाशिक येथील व्याख्यानातून)



संगणकावरील फसवणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कुणी परदेशस्थ भामटा येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने धाड घातली ती मात्र आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीतील एका रिसॉर्टवर. ‘ॲमेझॉनच्या मदत केंद्रातून बोलतो’ असे सांगून तेथून अमेरिका-कॅनडातील गृहस्थांना लुबाडले जात होते, असे सीबीआयचे म्हणणे आहे. ४४ लॅपटॉप आणि ७१ मोबाईल तेथे जप्त झाले.

हेच तंत्र आपल्या घरीही चालते. पडद्यावर अकस्मात फलक झळकतो: ‘आपल्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर संपर्क साधा.’ वस्तुतः तो फलक बहुधा एक साधे वेबपान असते. खरा धोका त्यानंतरचा! आपण घाबरून तो क्रमांक फिरवतो, पलीकडचा सांगेल तसे एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर उतरवून घेतो आणि संगणकाचा ताबा आपल्याच हाताने त्याला देतो. अशा वेळी ब्राउझर बंद करावा. तो होत नसेल तर सरळ संगणक बंद करावा.

पैसे गेलेच, तर ज्येष्ठ मंडळी संकोचाने दोन-दोन दिवस घरात बोलत नाहीत. तेवढ्यात रक्कम दहा खात्यांत विखुरते. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास ती वाटेतच गोठविता येण्याची शक्यता असते.

आणखी एक. अमेरिकनांशी इंग्रजीत बोलणारी ही मुले कुणाच्या तरी घरातूनच जातात. मुलाला रात्रपाळीची नोकरी लागली, पगार रोखीने मिळतो आणि नियुक्तिपत्र नाही, असे असेल तर त्याला कंपनीचे नाव व पत्ता अवश्य विचारा.