पहिल्यांदा काहीच होत नाही

आसगावसारख्या धानाच्या गावात धुऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला गाजरगवत माजतं. ते उपटायला गेलेल्यांपैकी एखाद्याची मान, चेहरा, हात लाल होऊन खाजू लागतात. घरचं निदान ठरलेलं: ऊन लागलं. वर पुस्ती, ‘गेल्या साली याच गवतात राबलो, तेव्हा कुठं काय झालं?’ श्रोतेहो, गोम तिथेच आहे. पहिल्यांदा काहीच होत नाही.

गवतातलं पार्थेनिन हे रसायन कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं. तिथे लँगरहान्स पेशी पहाऱ्याला असतात. पॉल लँगरहान्सने विद्यार्थीदशेतच, १८६८ साली, त्यांचं वर्णन केलं आणि त्यांना चक्क मज्जापेशी मानलं! या पेशी म्हणजे गावचा कोतवाल. परका दिसला की कोतवाल त्याची खूण घेऊन चावडीवर, म्हणजे लसिकाग्रंथीत जातो आणि दवंडी देतो. तिथल्या टी-पेशी, म्हणजे गावचे राखणदार, ती खूण लक्षात ठेवतात. गावात गडबड नाही, कातडीवर पुरळ नाही. पुढे तोच परका पुन्हा आला, की एक-दोन दिवसांत टी-पेशी काठ्या घेऊन धावतात आणि त्याच्यापेक्षा उभं धानच जास्त तुडवतात.

हे काम पेशींचंच, याचा पुरावा जुना आहे. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी ॲलर्जी झालेल्या गिनीपिगच्या पेशी निरोगी गिनीपिगला टोचल्या, तेव्हा त्यालाही ती ॲलर्जी झाली. नुसता रक्तद्रव टोचून ती दुसऱ्यात जात नव्हती.

मग उन्हाचा दोष काहीच नाही? आहे. काही परके सावलीत निरुपद्रवी असतात. उन्हात त्यांचं रूप पालटतं. गुडघ्याला चोळायच्या काही जेलमध्ये केटोप्रोफेन असतं, ते या जातीचं. अतिनील ‘ए’ किरणांनी ते बदलतं, प्रथिनाला चिकटतं आणि कोतवाल दवंडीला निघतो. हीच फोटोॲलर्जी. कडक उन्हाने कुणाचीही कातडी भाजेल. फोटोॲलर्जी मात्र दवंडी ऐकलेल्यालाच होते, आणि पुन्हा सांगायचं तर, पहिल्या खेपेला नाही.

गाजरगवताची ॲलर्जी मुळात स्पर्शाची आणि हवेत उडणाऱ्या कणांची. पण वर्षानुवर्षे ती भोगलेल्या काहींना पुढे नुसतं ऊनही सोसत नाही. फरक जागांवरून कळतो: कण पापण्यांवर, कानामागे, हनुवटीखालीही पोचतात. उन्हाचा त्रास या जागा बहुधा सोडतो. खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ फोटोपॅच चाचणी करतात: पाठीवर एकाच पदार्थाच्या दोन पट्ट्या लावायच्या, एका जागेला अतिनील प्रकाश द्यायचा, दुसरी झाकून ठेवायची.

दुकानातून स्वतःच आणलेल्या स्टिरॉइड मलमांबद्दल रागवायचं होतं, पण वेळ संपत आला. गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी उपटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. आणि ज्याला एकदा उठलं, त्याला या कामाला पुन्हा धाडू नका.