नकाराचा मान



‘मौन हे संमतीचे लक्षण’ असे घरोघर म्हटले जाते. या एका वचनाखाली कित्येकांचा नकार गाडला गेला आहे. मुंबईच्या रखमाबाईंनी मात्र आपला नकार उघडपणे उच्चारला. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला होता. नांदावयास यावे म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. अजाण वयात, संमतीवाचून झालेला विवाह मान्य नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. पतिगृही जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा निकाल १८८७ साली झाला. तेव्हा त्यांनी कैदेची तयारी दर्शविली. १८८८ साली तडजोड झाली आणि पुढे विलायतेत शिकून त्या डॉक्टर झाल्या. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे झाले. २०१२ पासून ते १८ वर्षे आहे. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येत नाही, हेही २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

हे तत्त्व मुलांस कसे समजवावे? कोल्हापूरच्या मुलास तालमीचा दाखला पुरेसा आहे. दोन्ही मल्लांची सलामी झाल्यावाचून कोणी अंगाला हात घालीत नाही. पंचांनी थांबविताच पकड सुटते. आजची सलामी उद्याच्या कुस्तीस चालत नाही. शरीराच्या जवळिकीचेही तसेच आहे. संमती दोघांची हवी, ती भयावाचून हवी, आणि ती केव्हाही मागे घेता येते. लहान मुलाची संमती तर कायदा मानीतच नाही.

या शिक्षणाचा आरंभ शिक्षकाच्या हातापासून होतो. गालगुच्चा घेताना मूल मागे सरले, तर हात आवरावा. जखम बांधण्यापूर्वी त्यास सांगावे. ज्याचा लहानसा नकार शाळेत मानला जातो, ते मूल मोठ्या संकटात तोंड उघडते.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आईबापांनी विश्वासाने मुले शाळेच्या स्वाधीन केली. तो विश्वास राखणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. मुलाने अत्याचाराची गोष्ट सांगितल्यास ती शांतपणे ऐकावी, उलटतपासणी करू नये, नाव चारचौघांत फोडू नये. परंतु पोलिसांस अवश्य कळवावे. १०९८ या क्रमांकावरही साहाय्य मिळते. शाळेची वा गावाची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणे हा २०१२ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलाचे मौन ही संमती नव्हे. शिक्षकाचे मौन मात्र अपराधास दिलेली संमतीच ठरते.