पंखा घ्या, पण त्याचा कंट्रोलर वेगळा घ्या

खाडीत पर्यटकांना होडीतून फिरवणारे आपले काही गट आता होडीवर वाऱ्याचा छोटा पंखा बसवायचं म्हणताहेत. दिवे लागतील, मोबाइल चार्ज होतील. खर्चाचं बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास येतो : "ताई, सोलरचा चार्ज कंट्रोलर आमच्याकडे आहेच. तोच पंख्याला लावला तर पैसे वाचतील ना?"

लावू नका. का, ते सांगते.

चार्ज कंट्रोलर ही बॅटरीला जादा वीज जाऊ न देणारी पेटी. १२ व्होल्टची साधी लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढते. त्यापुढे वीज रेटत राहिलं तर आतलं पाणी उडतं, हायड्रोजन वायू सुटतो, बॅटरी लवकर बाद होते. म्हणून बॅटरी भरली की सोलरचा कंट्रोलर पॅनेलची वीज तोडतो. पॅनेलला त्याचं काही वाटत नाही, ते उन्हात नुसतं पडून राहतं.

पंख्याचं तसं नाही. जात्यात घास असतो तोवर जातं जड फिरतं. घास संपला की रिकामं जातं पळत सुटतं. बॅटरीत वीज जात असते तेव्हा पंख्यावर असाच भार असतो. तो एकदम काढला तर पंखा मोकाट सुटतो, व्होल्टेज वाढत जातं, कंट्रोलर जळतो. वारा जोराचा असेल तर पातं तुटून उडूही शकतं, आणि खाली आपले पाहुणे बसलेले असतात.

म्हणून पंख्याचा कंट्रोलर बॅटरी भरल्यावर वीज तोडत नाही, ती दुसरीकडे वळवतो. तिथे हीटरच्या कॉइलसारखा रेझिस्टर असतो, तो तापून वीज संपवतो. बाजारात त्याला डम्प लोड म्हणतात. तो चांगलाच तापतो, तेव्हा डिझेलचा कॅन, जाळी, लाइफ जॅकेट यांच्यापासून लांब, पत्र्यावर, मोकळ्या हवेत बसवायचा. काही कंट्रोलर पंख्यालाच ब्रेक लावतात. पंखा बनवणारी कंपनी चालेल म्हणत असेल तरच तसला घ्यावा.

आता माप. पंखा ४०० वॉटचा, बॅटरी १२ व्होल्टची, तर ४०० भागिले १२, म्हणजे साधारण ३३ अँपिअर. कंट्रोलर ४० अँपिअरचा तरी हवा, आणि डम्प लोड पंख्याची पूर्ण ताकद पेलणारा. रोजच्या झुळकीवर हिशोब करू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते.

आपल्या कोकणात खरी परीक्षा पावसाळ्यात. फेऱ्या बंद, होडी किनाऱ्याला, दिवा लावायला कुणी नाही, आणि वारा मात्र घोंघावतोय. बॅटरी लगेच भरते, मग रात्रभर सगळा भार डम्प लोडवर. यासाठी पंख्याला स्टॉप स्विच हवाच. तो पंख्याच्या तारा एकमेकींना जोडून त्याला जखडतो. वारा जरा पडला की स्विच टाकायचा, मग पाती दोरीने बांधायची. पंखा उतरवून घरात ठेवला तर उत्तमच. पंखा फिरत असताना बॅटरीची तार मात्र कधीही काढायची नाही.

लिथियम बॅटरी घेणार असाल तर आणखी एक पाहा. तिच्या आतली सुरक्षा यंत्रणा कधीकधी बॅटरी आपणहून तोडते. त्या वेळी हा कंट्रोलर पंखा सांभाळेल का, हे दुकानदाराकडून कोटेशनवर लिहून घ्या. सोलर आणि पंखा दोन्ही ठेवायचे तर दोघांना आपापला कंट्रोलर, नाहीतर दोन्हींसाठीच बनवलेला हायब्रिड.

दुकानात गेलात की आधी विचारा, "बॅटरी भरल्यावर वीज कुठे जाते?" त्याने डम्प लोड काढून दाखवला किंवा ब्रेक कसा लागतो ते नीट सांगितलं, तर पुढे भावाचं बोला. आणि तुमची होडी कांदळवनाच्या आडोशाला, वारा न लागणाऱ्या जागी असेल, तर माझ्या मते पंख्याचा ठराव करूच नका. तेवढ्या पैशात आणखी एक पॅनेल घ्या.