पोरीच्या बोटांनाही वेळ द्या
(मुरुड येथील महिला मेळाव्यातील भाषण)



चूक माझीच सांगते. संध्याकाळी पोरगा संगणकावर बसायचा अन् सातवीतली पोरगी भांड्याला. तिनं एकदा विचारलं, "आई, माझी पाळी कधी?" मला उत्तर सुचलं नाही.

आता रोज पंधरा मिनिटं तिची. कळफलकावर 'एफ' अन् 'जे' या बटनांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही हातांची पहिली बोटं तिथं ठेवायची, खाली बघायचं नाही. भाकरी थापताना हाताला सवय होते ना, तसंच हे. इनस्क्रिप्ट पद्धतीत काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. मधली ओळ न सोडता 'रोप', 'पोते', 'चित्र' लिहिता येतं. आधी बिनचूक, वेग मागून येतो.

लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी भरतीत मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र मागतात. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ताच बोटं वळू द्या.

मागच्या महिन्यात आपल्या गटाचं इतिवृत्त तिनंच टाइप केलं. त्या दिवशी भांडी पोरानं घासली.

तुमच्या घरी आज पाळी कुणाची?