आधी बावी, मग फोटो

सुट्टीत परभणी जिल्ह्यातल्या झरीहून कोकणात निघालेली मंडळी रात्रभर प्रवास करून मालवण गाठतात. धक्क्यावर होडीत बसतात, सिंधुदुर्गात उतरतात, तटावर फोटो काढतात. शिवराजेश्वराच्या मंदिरात हात जोडतात, चुन्यातले शिवाजी महाराजांच्या हातापायाचे ठसे पाहतात. तेवढ्यात होडीवाल्याची हाक येते आणि तिन्ही बावी पाहायच्या राहून जातात.

श्रोतेहो, एवढ्या लांब जाऊन बावी न पाहता परतायचं?

दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी किल्ल्याचा मुहूर्त झाला. कुरटे बेटावर जवळपास तीन वर्षं काम चाललं. पायात शिसं ओतलं गेलं, सुमारे तीन किलोमीटरचा तट उभा राहिला. पण गोडं पाणी नसतं, तर त्या तटाआड शिबंदी किती दिवस तगली असती? किल्ल्यात आजही वस्ती आहे.

अशा बेटांवर मुरलेलं पावसाचं पाणी दुधावरच्या सायीसारखं असतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. साय हलक्या हातानं काढावी लागते. चमचा खोल गेला की खाली दूधच लागतं. उपसा वाढला की तसंच खारं पाणी वर चढतं. पाऊस कमी झाला की साय पातळ धरते. घरातली जाणती बाई साय जशी जपते, तसं हे पाणी जपावं लागतं.

हे परभणीकरांना वेगळं सांगायला नको. वालूरची चक्राकार बारव आणि चारठाण्याची पुष्करणी याच जिल्ह्यातली. ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे, त्यांनी तरी विहिरीकडे पाठ फिरवू नये. पुन्हा सांगायचं, तर आधी बावी.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गही आहे, म्हणजे गर्दी वाढणारच.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. दिवाळीनंतर जावं, सकाळची पहिली होडी धरावी, लेकरांना बावींच्या काठाशी न्यावं. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, खाऊचे पुडे आपल्याच पिशवीत परत आणावेत. बावीत एकही पडू देऊ नये.