आधी खुंट, मग कलम



गेल्या सुट्टीत आमच्या गल्लीतली एक नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे रंगीत चित्रकथा घेऊन आली. त्यात लांडगा भला होता आणि तीन डुकरं लबाड. चित्रं सुरेख, छपाई झकास. तिने ते पुस्तक पाच मिनिटांत संपवलं आणि विचारलं, “आजी, यात हसायचं काय आहे? दादा तर पोट धरून हसला.” मी म्हटलं, “तीन डुकरांची गोष्ट तुला कुणी सांगितली आहे का गं?” नव्हती सांगितली. गवताचं घर, काटक्यांचं घर, विटांचं घर, फुंकर मारून घर पाडणारा लांडगा, यातलं काही तिच्या कानावरून गेलंच नव्हतं. मग उलटी केलेली गोष्ट तिला उलटी कशी वाटावी? तिला तीच सुलटी.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच. जुन्या गोष्टींतली पात्रं घेऊन नव्याने रचलेल्या चित्रकथा मुलांना जरूर द्या, पण आधी मूळ गोष्ट सांगा. पुढच्या दहा मिनिटांत मी हे तीन-चार वेळा म्हणणार आहे, कारण रेडिओ ऐकताना नेमकी कुकरची शिट्टी होते आणि हवं तेच वाक्य निसटतं.

नाशिकच्या श्रोत्यांना हे समजावायला मला लांब जायला नको. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडे कुणालाही विचारा, थॉमसन द्राक्षांची बाग कशी उभी राहते. आधी डॉगरिजचे खुंट लावतात. हा डॉगरिज रानटी, त्याची द्राक्षं कुणी बाजारात नेत नाही. पण पाणी कमी पडो, जमीन क्षारपड असो, तो तग धरतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी लावलेला खुंट पावसाळाभर वाढू द्यायचा, चांगला पेन्सिलीएवढा जाड झाला की ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर थॉमसनच्या काडीचं कलम भरायचं. मधल्या महिन्यांत हाती काही लागत नाही. पाणी द्यायचं आणि वाट बघायची. उतावीळपणे कोवळ्या खुंटावर कलम भरलं तर काडी वाळून जाते.

मूळ गोष्ट हा मुलाच्या मनातला खुंट आहे. नवी चित्रकथा हे त्यावरचं कलम. त्या मुलीच्या मनात खुंटच नव्हता, काडी कशावर जगणार? मी तिला तीन डुकरांची गोष्ट सांगितली, दोन दुपारी पुन्हा पुन्हा सांगितली, आणि मगच ते पुस्तक पुन्हा हातात दिलं.

आता जगात या कलमांना केवढा बहर आला आहे बघा. अमेरिकेत बिल विलिंगहॅम यांची ‘फेबल्स’ ही चित्रकथामालिका २००२ साली सुरू झाली. परीकथांमधली सगळी मंडळी आपल्या देशातून परागंदा होऊन न्यूयॉर्कमध्ये लपून राहतात, अशी कल्पना. आपली हिमगौरी तिथे कारभार सांभाळते आणि लाल टोपीवालीला गिळणारा लांडगा कायदा-सुव्यवस्था राखतो! ज्याने लहानपणी त्या लांडग्याची धास्ती घेतली आहे, त्याच्याच अंगावर इथे काटा येतो. मात्र पालकांनो, ही मालिका मोठ्या माणसांसाठी आहे. मुखपृष्ठावर हिमगौरी दिसली म्हणून दहा वर्षांच्या मुलाला आणून देऊ नका. पुस्तक आधी आपण चाळावं, मग मुलाला द्यावं.

दुसरं उदाहरण. ॲलन मूर आणि केव्हिन ओनील यांनी १९९९ साली जुन्या कादंबऱ्यांतले नायक एकत्र करून ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जेंटलमेन’ ही मालिका काढली. त्यात कॅप्टन नेमो आहे. हा नेमो मूळचा ज्यूल व्हर्नचा, आणि व्हर्नने त्याला बुंदेलखंडाचा राजपुत्र केलं आहे, १८५७च्या उठावात लढलेला. व्हर्न मराठीत आणला आपल्या भा. रा. भागवतांनी. म्हणजे या परदेशी मालिकेतलं एक पात्र आपल्या झाशीच्या शेजारचं, आणि आपल्या मुलांना त्याचा पत्ता नाही. पुन्हा तेच. खुंट नाही.

नाशिकच्या मुलांइतकी भाग्यवान मुलं मात्र या बाबतीत कुठे नसतील. त्यांच्या पायाखालीच गोष्ट आहे. पंचवटीत पाच वड, सीतागुंफा, काळाराम, पुढे तपोवन. शूर्पणखेचं नाक इथेच कापलं गेलं म्हणून गावाचं नाव नाशिक, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. चेन्नईच्या तारा बुक्सने २०११ साली ‘सीताज रामायण’ काढलं. शब्द संहिता अर्णी यांचे, चित्रं मोयना चित्रकार यांची. मोयनाबाई बंगालच्या पटुआ परंपरेतल्या, म्हणजे लांब कागदावर चित्रं काढून ती गोष्ट गाऊन दाखवणारी माणसं. या पुस्तकात सगळं रामायण सीतेच्या तोंडून येतं. ज्या मुलाने सीतागुंफेत वाकून, अंग चोरून प्रवेश केला आहे, त्याला या पुस्तकाबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही. त्याचा खुंट तयार आहे. आपल्या शेजारच्या मुलाला तो अंधार, ती अरुंद वाट दाखवा आणि मग पुस्तक द्या.

इकडचंच आणखी एक उदाहरण. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. मूकपट तो, पात्रांच्या तोंडचा शब्दही ऐकू येत नव्हता, आणि पडद्यावर माणसं हलतात हेच नवल होतं. तरी प्रेक्षकाला सगळं कळलं, कारण हरिश्चंद्र-तारामती त्याने कीर्तनात, घरात शंभरदा ऐकले होते. फाळक्यांनी कलम केलं, खुंट कीर्तनकारांनी आणि आज्यांनी आधीच वाढवून ठेवला होता.

‘अमर चित्र कथा’ सुरू झाली तेव्हाही हाच प्रश्न होता. १९६७ साली दिल्लीत एका प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देव येत होते आणि रामाच्या आईचं नाव येत नव्हतं, हे अनंत पै यांना खुपलं, ही हकिकत आपल्याला ठाऊक आहे. तिच्याबरोबर एक तपशील लक्षात ठेवावा. या मालिकेच्या पहिल्या दहा क्रमांकांवर जॅक, सिंड्रेला अशा परदेशी परीकथा होत्या. अकरावा क्रमांक ‘कृष्ण’, आणि त्याची चित्रं राम वाईरकरांची. पुढे प्रताप मुळीक यांच्यासारखे आपले चित्रकार त्या कामात आले. आमच्या पिढीला त्यांनी खुंट दिला. आज मुलांच्या हातात सरळ दहावं-विसावं कलम येतं, ही माझी तक्रार आहे.

आणि ‘चांदोबा’? मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली निघाला. त्यातला विक्रम-वेताळ आठवा. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, चित्रकार शंकर यांनी काढलेलं ते चित्र आमच्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही. मूळ वेताळाच्या गोष्टी पंचवीस. ‘चांदोबा’ने त्या पंचविसांवर शेकडो नव्या रचल्या, वर्षानुवर्षं. आम्हाला कधी खटकलं नाही, कारण चौकट पक्की होती. राजा बोलला की वेताळ झाडावर परत! एकाच खुंटावर थॉमसन, सोनाका, शरद, काहीही घेता येतं, खुंट पक्का हवा.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे या. चिऊ-काऊ. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा भर पावसात चिमणीच्या दाराशी येतो. ती आत बाळाला न्हाऊ घालते, पुसते, काजळ लावते, निजवते, आणि दर वेळी त्याला थांबायला सांगते. गल्लीतल्या मुलांना मी ही गोष्ट आठवडाभर रोज सांगितली. मग म्हटलं, आता कावळ्याच्या बाजूने काढा. एका सातवीतल्या मुलाने कागदावर सहा चौकटी आखल्या. सहाही चौकटींत तेच बंद दार. पहिल्या चौकटीत कावळा उभा, पाण्याचे चार थेंब. पुढे पाऊस वाढत जातो, कावळा लहान होत जातो. सहाव्या चौकटीत नुसतं पाणी आणि दाराच्या फटीतून येणारा दिव्याचा उजेड. एक शब्द नाही.

श्रोतेहो, मी ते पान बराच वेळ हातात धरून बसले. गोष्टीतलं ते पुन्हा पुन्हा थांबवणं, जे आजी आवाजाने करते, ते या मुलाने चौकटीने केलं. चित्रकथेची घडणच तशी आहे. तेच दार पुन्हा काढायचं आणि दर वेळी थोडंसं बदलायचं. पण त्याला दार माहीत होतं म्हणून तो हे करू शकला. सात दिवस त्याने ते दार कानाने ऐकलं होतं.

कुणी म्हणेल, आमच्या घरात आजी नाही, मूळ गोष्ट कुठून आणू? श्रावणात कहाण्यांचं छोटं पुस्तक मिळतं, ते आणा. शुक्रवारची कहाणी वाचा. गरीब म्हणून बहिणीला भाऊ सहस्रभोजनाला बोलावत नाही, तिला पंक्तीतून उठवतो. पुढे तिला वैभव येतं, मग तो आग्रहाने बोलावतो, आणि ती पाटावर आपले दागिने मांडून एकेक पदार्थ त्या दागिन्यांना वाढते. काय चित्र आहे हे! पाटावर बसलेला चपलाहार, त्याच्यापुढे लाडू, आणि समोर मान खाली घातलेला भाऊ. एका पानात मावणारं, शब्द न लागणारं चित्र. याच कहाण्या किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली इंग्रजीत छापल्या आणि चित्रं काढली आपल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी. त्याच्याही आधी, १८६८ साली, मेरी फ्रिअर यांनी ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक काढलं. त्यातल्या गोष्टी सांगणारी त्यांच्या घरची आया, ॲना लिबेराता डिसूझा. तिने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्या पुस्तकात ॲनाची स्वतःची जीवनकथाही छापली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. आपणही मुलाला सांगावं, ही गोष्ट मला अमक्या मावशीने सांगितली. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून या गावात आहे. मुलाचं बोट धरून वाचनालयात जा. कहाणी सांगायला दहा मिनिटं लागतात. फोन हातात देऊन मुलाला गप्प बसवायलाही तेवढाच वेळ जातो.

मोठ्यांना आणखी एक सांगायचं आहे. कलम लागल्यावर खुंटालाही खालून फुटवे येतात. शेतकरी ते वेळच्या वेळी काढतो, नाहीतर सगळा जोर तेच खातात आणि कलम मरतं. मूल नवी चित्रकथा वाचत असताना शेजारी बसून “मूळ गोष्टीत असं नव्हतं हं,” असं दर पानाला म्हणू नका. तो फुटवा आहे. तुमचं काम आधीच झालेलं आहे. खुंटाने आता जमिनीखाली राहून पाणी पुरवावं.

वेळ थोडा उरला आहे आणि चित्रकार मुलामुलींना एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली, आपल्या नाशिकच्या तुरुंगात. ती २०११पासून सर्वांची आहे. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ २०२४पासून तुमचे आहेत. त्यांना आजच्या नाशिकमध्ये, सिटी बसमध्ये बसवा, कुणाची परवानगी लागणार नाही. पण दूरदर्शनच्या मालिकेतले चेहरे किंवा दुसऱ्याने काढलेली चित्रं उचलू नका, ती त्यांची आहेत. चेहरा तुमचा तुम्ही शोधा. आणि चिमणराव काढण्याआधी चिं. विं.ची पुस्तकं पुरी वाचा, कारण गुंड्याभाऊंचं बोलणं… असो, समोरच्या घड्याळात माझी मिनिटं संपत आली आहेत. गुंड्याभाऊंबद्दल पुन्हा कधीतरी.

आज रात्री एवढंच करा. दिवा मालवल्यावर मुलाला चिऊ-काऊची गोष्ट सांगा. उद्या पुन्हा तीच सांगा, परवाही तीच. ते कंटाळलं असं वाटलं तरी सांगा. आठव्या दिवशी त्याच्यापुढे कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा, आणि कावळ्याला दाराबाहेर काय वाटलं असेल, ते त्यालाच विचारा. आधी खुंट, मग कलम.