उलट्या वाटेचा पैसा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आकाशवाणीवर मला एरवी कविता वाचायला बोलावतात. या वेळी ज्येष्ठांच्या पैशाअडक्याविषयी बोला म्हणाले, तेव्हा मी जरा दचकलेच. मी मराठी घेऊन बी. ए. झाले. अर्थशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की नगरमधल्या एका पतसंस्थेत सव्वीस वर्षे मी जमा-नावे लिहिते आहे. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण तोंडातून नगरच निघते, सांभाळून घ्या.) तेव्हा आज सांगणार आहे ते आमच्या घरातले. माझ्या थोरल्या भावाचे, भाईजानचे. घरात आम्ही दखनी बोलतो, तुम्हांला मराठीत सांगते.

आमच्या झेंडीगेटच्या घराचा स्लॅब पडला तो कुवेतच्या पैशावर. मामूजान १९७८ साली गवंडीकामाला तिकडे गेले. तीन-चार महिन्यांनी रजिस्टर पोस्टाने ड्राफ्ट यायचा. तो मुंबईच्या बँकेवरचा. नगरला खात्यात भरला की वटून यायला पंधरा-वीस दिवस लागत. तोवर वाण्याची उधारी ड्राफ्टच्या नावावर चालायची. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले आणि मामूजान एक पिशवी घेऊन परत आले. पण तोवर गल्लीतली दुसरी पोरे दुबई-शारजा-जेद्द्याला लागली होती. कोकणाइतकी नव्हेत, तरी घरटी एखादा. माणूस जाणार आणि पैसा येणार, ही दिशा आमच्या अंगवळणी पडली. साऱ्या देशाचीच ती दिशा आहे म्हणा. परदेशातून भारतात येणाऱ्या अशा पैशाने २०२२ साली वर्षाला शंभर अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. जगात असा पैसा सर्वांत जास्त आपल्याकडे येतो.

हाच पैसा उलट्या वाटेने पाठवायचा म्हटले की काय होते, ते मला दोन वर्षांपूर्वी कळले.

भाईजान जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. सुरुवात श्रीगोंदा तालुक्यात, मग पारनेर, शेवटी नगर तालुका. गणित शिकवायचे. २०१७ साली निवृत्त झाले. भाभी गेल्या आणि ते घरात एकटे राहिले. मुलगा दुबईत एसी दुरुस्तीच्या कंपनीत, सून-नात तिकडेच. मी सावेडीला. रोज संध्याकाळी फोन करायचे, पण फोनवर माणूस बराच आहे असेच वाटते. एका रात्री ते न्हाणीत घसरून पडले. सकाळी दूधवाल्याने कडी वाजवली, आतून आवाज आला म्हणून त्याने शेजाऱ्यांना बोलावले. हाड मोडले नव्हते. पण सात तास ते फरशीवर होते.

पुतण्या म्हणाला, "फूफीजान, अब्बांना मी इकडेच घेतो." नोकरदार मुलाला आई-वडिलांना तिकडे ठेवता येते, पण त्याला पगाराची अट असते, घराची अट असते. पुतण्या त्यात बसत नव्हता. दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर भाईजान जाऊन आले. परत आल्यावर घर त्यांना खायला उठले. मग कोणीतरी सांगितले, की निवृत्त माणसांसाठी दुबईत वेगळा व्हिसाच आहे.

तो आहे. सप्टेंबर २०२० मध्ये दुबईने तो जाहीर केला. पाच वर्षांचा, वय पंचावन्न पूर्ण असलेल्यांसाठी. जाहीर झाला तेव्हाच्या अटी अशा : महिना वीस हजार दिरहम उत्पन्न, नाहीतर दहा लाख दिरहमची ठेव, नाहीतर वीस लाखांची मालमत्ता. पुढे यातले काही आकडे खाली आले. पण भाईजानने रविवारी दुपारी वहीवर हिशेब मांडला तो या आकड्यांवर, कारण एजंटाने छापील कागद दिला होता तो हाच.

दिरहमला चोवीस रुपये धरले. वीस हजार दिरहम म्हणजे महिना चार लाख ऐंशी हजार. भाईजानची पेन्शन पंचेचाळीस हजार, म्हणजे एकोणीसशे दिरहमही नाही. पुतण्याने एजंटाकडून पुन्हा चौकशी केली, तर अट पंधरा हजारांवर आल्याचे कळले. भाईजान म्हणाले, "विहीर शंभर फूट काय आणि पाऊणशे काय, आपली दोरी नऊ फुटांची."

दहा लाख दिरहमची ठेव म्हणजे दोन कोटी चाळीस लाख. घर विकले, नेवाश्याकडची दीड एकर विकली, तरी निम्म्यात येत नाही. इथे एक गंमत सांगते. ही रक्कम एखाद्याकडे असली, तरी त्याला ती एका वर्षात पाठवता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपल्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच बाहेर नेता येतात. एका डॉलरला तीन पूर्णांक सदुसष्ट दिरहम, हा दर तिथल्या सरकारने बांधलेला. गुणून पाहा, नऊ लाख अठरा हजार होतात. म्हणजे श्रीमंत म्हाताऱ्यानेही अर्धी रक्कम मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये पाठवावी.

त्यात अजून एक. परदेशात नातेवाइकांच्या खर्चासाठी किंवा ठेवीसाठी पैसे पाठवले, तर वर्षाला दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा सात लाखांची होती. कापलेला कर आपल्या नावावर जमा असतो, रिटर्न भरले की वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर हातचा गेलेला असतो. महिना वीस हजार दिरहम वर्षभर पाठवायचे, तर असे साडेनऊ लाख रुपये अडकले असते. पेन्शनरने ते आणायचे कुठून?

मला सगळ्यात नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. पैसा असून चालत नाही, तो दिसावा लागतो. कुठल्या खात्यात आला, कोणत्या तारखेला, कुठून. थायलंडचे उदाहरण वाचनात आले. तिथे पन्नाशीनंतर निवृत्तीवर राहता येते. तिथल्या बँकेत आठ लाख बाथ ठेवा, नाहीतर महिना पासष्ट हजार बाथ उत्पन्न दाखवा. पूर्वी अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन माणसे आपापल्या वकिलातीतून उत्पन्नाचा दाखला आणत आणि काम भागे. २०१९ च्या सुरुवातीपासून या वकिलातींनी दाखले देणे थांबवले. तेव्हापासून वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा नोंदी, त्याही परदेशातून आलेल्या, बँकेच्या उताऱ्यावर दाखवाव्या लागतात. एक महिना चुकला तरी धाकधूक. आपल्याकडचे पेन्शनर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देतात, तसा हा पैशाच्या हयातीचा दाखला.

आणि आपल्या जिल्ह्यात पैसा असतो कुठे? पतसंस्थेत. भाईजानची ठेव आमच्याच संस्थेत होती. मी स्वतः शिक्का मारून पत्र दिले. एजंट म्हणाला, "बाई, हे नगरमध्ये चालेल, दुबईत नाही." परदेशी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक लागते आणि त्या बँकेच्याही प्रत्येक शाखेत ते होत नाही. सव्वीस वर्षे ज्या शिक्क्यावर माझा भरवसा, तो असा गप्प झाला.

आमच्या नानांच्या वेळी ही भानगडच नव्हती. त्या काळी दुबई, कुवेत, बहारीन सगळीकडे आपलाच रुपया चालायचा. पण तिकडचे रुपये देऊन सोने भारतात चोरून यायला लागले आणि ते रुपये परत घेऊन परकीय चलन मोजणे आपल्याला जड झाले. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या नंबरामागे झेड अक्षर असे. हाजींसाठी त्याच सुमारास वेगळ्या नोटा निघाल्या, दहाच्या आणि शंभराच्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि आखातातून आपला रुपया उठला. पुढे बाहेर जाणाऱ्याच्या हातावर सरकार आठ डॉलर ठेवायचे, तोही काळ आला. नाना १९५९ मध्येच बोटीने हजला गेले. भाईजानचा जन्मही त्याच वर्षीचा. नाना सांगायचे, "देणी फेडून, सगळ्यांची माफी मागून निघालो." कर्ज डोक्यावर ठेवून हजला निघायचे नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते.

हे सांगायचे कारण पुढे येते.

पुतण्याने एक तोड काढली. तो आणि त्याचे दोन दोस्त मिळून पैसे जमवतील, भाईजानच्या खात्यावर पाठवतील. भाईजानने तेच दुबईच्या खात्यावर परत पाठवायचे. तिथे तो काढून दोस्तांचे दोस्तांना देईल. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तीच रक्कम रहाटगाडग्यासारखी फिरायची आणि दर फेरीला उताऱ्यावर भाईजानचे 'उत्पन्न' उमटायचे. एजंट म्हणाला, सगळे असेच करतात. करतही असतील.

खरे सांगते, मला त्यात काही वावगे वाटले नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती न्हाणीतली फरशी होती. मीच भाईजानला घेऊन बँकेत गेले. अर्ज मीच भरत होते. नाव, पॅन, रक्कम, कारण. खाली एक जाहीरनामा असतो. सदर रक्कम माझ्या मालकीची आहे, अशा अर्थाचा. भाईजानने चष्मा लावला. गुरुजी माणूस, वाचल्याशिवाय सही करत नाही.

"हा पैसा माझा आहे का?"

मी म्हटले, "मुलाने बापाला दिला की बापाचाच होतो. कायदाही तेच म्हणतो. बक्षीस म्हणून दिलेला पैसा आपला."

"मुलाचा ठीक. त्या दोन पोरांचा?"

मी गप्प.

"तू खातेवही लिहितेस. परत द्यायच्या बोलीवर आलेली रक्कम तू कुठे लिहितेस?"

कर्जात लिहिते, दुसरे कुठे लिहिणार? पेन त्यांनी टोपण लावून माझ्या हातात दिले. बाहेर येऊन आम्ही रसवंतीत बसलो. मी चिडले होते. म्हटले, "सात तास पडून होतास. पुन्हा पडलास तर ही मालकी कोणाला दाखवणार?" ते काही बोलले नाहीत. ग्लास संपवला आणि माळीवाड्यापर्यंत पायी निघाले. तो राग माझा अजून पुरता गेलेला नाही. ते बरोबर होते, हे मला कळते. पण त्या दिवशी सही केली असती, तर आज नातीजवळ असते, हेही कळते.

नगरपासून जवळच अरणगाव आहे, मेहेरबाबांची समाधी तिथे आहे. जगभरची माणसे येतात, त्यात म्हातारीही असतात. उरलेले आयुष्य इथेच काढावे असे त्यांतल्या कितीतरी जणांना वाटत असेल. पण निवृत्त परदेशी माणसासाठी भारतात असा व्हिसाच नाही. येतात, मुदत संपली की जातात, पुन्हा येतात. भाईजानला मी हे एकदा सांगितले, तर म्हणाले, "मग मीही त्यांच्यासारखाच. माझी समाधी तिकडे चालते-बोलते आहे, चार वर्षांची." आणि हसले.

आता तसेच चालले आहे. वर्षातून दोनदा ते व्हिजिट व्हिसावर जातात, तिकीट पुतण्या काढतो. मधल्या महिन्यांत गल्लीतला एक विद्यार्थी रात्री त्यांच्या घरी झोपायला असतो, त्याच्याकडून भाडे घेत नाहीत, रोज एक गणित सोडवून घेतात. न्हाणीत मी लोखंडी दांडा बसवून घेतला.

गेल्या ईदला भाईजान म्हणाले, नातीला ईदी पाठवायची. पुतण्या म्हणाला, माझ्याजवळचे देतो, तुम्ही आल्यावर हिशेब करू. हवालावाला तर गल्लीच्या तोंडाशी आहे, पाच मिनिटांचे काम, पण ते बेकायदा, आणि भाईजानपुढे त्याचे नावही काढायची सोय नाही. आम्ही पुन्हा त्याच बँकेत गेलो. पाच हजार रुपये. तोच अर्ज, तोच जाहीरनामा. 'कारण' या रकान्यात मी 'भेट' लिहिले. भाईजानने सगळा अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली, शाळेच्या दाखल्यावर करायचे तशी, पूर्ण नावाची.

इथल्या बँकेचे शुल्क, मधल्या बँकेचे शुल्क जाता नातीच्या हातात दीडशे दिरहम पडले. भाईजानने हिशेब केला, दोनशे आठ पडायला हवे होते. दोन दिवस ते पासबुक घेऊन बसले होते, अठ्ठावन्न दिरहम कोणी कोणी खाल्ले ते शोधत.